फोनवरचा सल्ला

(तरुण स्थापत्य अभियंत्यांसमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आमच्या ऑफिसात फोन मी उचलला की पलीकडून अजूनही विचारतात, "साहेब आहेत का?" पहिली काही वर्षं राग यायचा. आता सांगते, "साहेब आहेत, पण ते बँकेत असतात. त्यांना स्लॅबचं विचारू नका." मग जरा वेळ शांतता, आणि मग, "बरं मॅडम, एक छोटंसं विचारायचं होतं."

आजचं माझं बोलणं या 'छोटंसं'बद्दल आहे. संयोजकांनी दिलेला विषय मोठा होता, छोटी कन्सल्टन्सी कशी चालवावी, असा. मी १९९६ला इंजिनिअर झाले, तीन वर्षं पुण्यात एका सरांच्या हाताखाली काढली आणि १९९९पासून इथे स्ट्रक्चरल कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणारी, म्हणून बसते. ऑफिसात माणसं चार. मी, दोन मुलं आणि चहापासून महापालिकेच्या खेटांपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या मावशी. मुलं दोन-अडीच वर्षांत तयार होतात आणि पुण्याला जातात. त्याचं दुःख करायचं मी सोडलं. मीही तेच केलं होतं. मार्केटिंगवरही मी बोलणार नाही, कारण ते मला येत नाही. या गावात काम मिळतं ते आर्किटेक्टकडून नाहीतर मागच्या घराच्या मालकाकडून.

पण मार मी जिथे जिथे खाल्ला, ती प्रत्येक जागा बोलण्यातली होती. कॅल्क्युलेशनमध्ये चूक झाली तर ती सापडते, कारण ती कागदावर असते. बोललेलं सापडत नाही.

एक प्रसंग सांगते. भाचीचा साखरपुडा होता. हॉलमध्ये बँजो चालू, आणि कॉन्ट्रॅक्टरचा फोन. "मॅडम, सोळाची सळी संपलीया. बाराची टाकू काय? उद्या सकाळी स्लॅब हाय." मी कोपऱ्यात गेले, एक कान बोटानं बंद केला आणि म्हटलं, "चालेल, पण चाराच्या जागी आठ टाका आणि मला आधी फोटो पाठवा." त्यानं काय ऐकलं? "चालेल."

तुम्ही इंजिनिअर आहात, पण आकडे मुद्दाम सांगते. सोळाच्या, म्हणजे सोळा मिलिमीटर जाडीच्या, चार सळयांचं क्षेत्रफळ ८०४ चौरस मिलिमीटर. बाराच्या आठ घेतल्या तर ९०४, म्हणजे भागतं. बाराच्या चारच घेतल्या तर ४५२. अर्ध्याहून थोडंसं जास्त. बरं, माझं 'आठ टाका' तरी निर्दोष होतं का? नव्हतं. नऊ इंची बीममध्ये आठ सळया एका थरात बसत नाहीत. दोन थर केले की बीमची परिणामकारक खोली, म्हणजे वरच्या कडेपासून सळईपर्यंतचं अंतर, कमी होते, आणि हिशेब पुन्हा करावा लागतो. तो मी हातात पेढ्याची ताटली धरून केला नव्हता. म्हणजे त्यानं अर्धं ऐकलं आणि मी अर्धं सांगितलं.

फोटो आला, पण स्लॅब पडल्यावर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. त्यानं कौतुकानं पाठवला होता, किती सरळ सळी बांधलीय बघा म्हणून. मी मोजल्या. चार.

मग जे व्हायचं ते झालं. कुणी सुचवलं, मधोमध एक लोखंडी खांब उभा करून टाका. असं कधी करू नका. मधे आधार दिला की त्या जागी बीमच्या वरच्या बाजूला ताण येतो, आणि वर तेवढी सळईच नसते. एक दुखणं काढायला जाऊन दुसरं लावून घ्यायचं. शेवटी खालून जादा सळया घेऊन मायक्रोकाँक्रीटचं, म्हणजे बारीक खडीच्या काँक्रीटचं, जॅकेट बीमभोवती केलं. खर्च कोणी करायचा यावर पंधरा दिवस गेले. कॉन्ट्रॅक्टरचं एकच पालुपद, "मॅडमनी फोनवर सांगितलंय." आणि ते खोटं नव्हतं! अर्धा खर्च मी दिला. त्या घराची माझी पूर्ण फी त्या अर्ध्यापेक्षा कमी होती.

त्यानंतर मी ड्रॉइंगवर छापायला लागले, 'तोंडी अथवा फोनवरील सूचना ग्राह्य धरू नये.' वकिलाला दाखवायला छान वाक्य आहे. साईटवर त्याचा शून्य उपयोग. ड्रॉइंग वाचायला जो थांबतो, तो सळई बदलायला फोन करत नाही. उपयोग झाला तो दुसऱ्या सवयीचा. फोन ठेवल्या ठेवल्या, त्याच मिनिटाला, मीच व्हॉट्सअॅप करते. कुठला बीम, काय विचारलं, मी काय सांगितलं. तीन ओळी, मराठीत. आणि शेवटी, 'फोटो बघितल्याशिवाय काँक्रीट नको.' त्यानं उत्तर दिलं नाही तरी चालतं, निळ्या खुणा दिसल्या म्हणजे झालं. रात्री ऑफिसातला मुलगा हे मेसेज त्या कामाच्या फाइलला लावतो. कंटाळवाणं काम आहे. प्रत्येक नवा मुलगा पहिल्या आठवड्यात विचारतो, मॅडम, हे कशाला? त्याला मी साखरपुड्याची गोष्ट सांगते.

आता पैशांकडे येते, कारण तुम्ही त्याचीच वाट बघताय.

आपल्याकडे लेखी मागितलं की माणसाला वाटतं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. "वहिनी, घरचंच काम आहे, कागद कसले करताय?" घरचं काम जपून घ्या. त्यात फी ठरत नाही आणि रिव्हिजन संपत नाहीत. ओळखीतल्या एका बंगल्याचा जिना मी चार वेळा हलवला. वास्तूवाला बदलला की जिना बदलायचा. चौथ्या वेळी मला कळलं की मी जिन्याची इंजिनिअर नाही, त्यांच्या घरातल्या भांडणाची मध्यस्थ आहे. आता पत्र एका पानाचं असतं. कामात काय येतं, काय येत नाही, साईटवर किती वेळा येईन, आर्किटेक्टचा प्लॅन पक्का झाल्यावर बदल झाले तर त्याचे वेगळे पैसे. पत्राला मी करार म्हणत नाही, 'कामाचा तपशील' म्हणते. शब्द बदलला की सही होते. आपली माणसं अशीच आहेत, आणि मीही त्यातलीच.

हे पान असण्या-नसण्याचा फरक कायद्यातही आहे. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. आपण सेवा देणारे त्यात येतो, उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तेवढी करून ठेवा. लेखी ठरलं असेल तर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. काहीच लेखी नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यात १ एप्रिल २०२४पासून आयकराची अशी तरतूद लागू झाली की, आपल्यासारख्याचं बिल या मुदतीत दिलं नाही तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच धरता येतो. परिणाम? पूर्वी मार्चअखेरीस बिल्डरांचे फोन बंद असायचे. आता त्यांचे सीए स्वतःहून विचारतात, "मॅडम, तुमचा उद्यम नंबर काय?" कायद्यानं तक्रारही करता येते. मी आजवर केलेली नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्या मुलाच्या लग्नात मी पुढच्या महिन्यात जेवणार असते.

जीएसटीचं एक सांगते, कारण त्यात मी स्वतः दोन वर्षं फसले होते. टॅक्स इन्व्हॉइस काढलं की १८ टक्के भरायची जबाबदारी आपली, पैसे आलेले असोत वा नसोत. मी भाबडेपणानं काम झालं की लगेच इन्व्हॉइस काढायची आणि क्लायंटच्या वाट्याचा कर स्वतःच्या खिशातून भरत बसायची. आता आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कर लागू न होणारं कच्चं, बिल जातं, आणि मोठ्या कामाचे टप्पे पत्रातच लिहिलेले असतात. टीडीएसचंही, म्हणजे बिलातून आधीच कापलेल्या आयकराचंही, तसंच. दहा टक्के कापले असं सांगणारे सगळेच ते सरकारात भरतात असं नाही. दर तीन महिन्यांनी २६एएस, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडून बघा. मार्चची वाट बघू नका.

टप्प्यांबद्दल मात्र माझं मत जरा वेगळं आहे, कदाचित तुम्हाला पटणार नाही. बरेच जण सांगतात, पैसे आले नाहीत तर पुढच्या स्लॅबचं ड्रॉइंग अडवा. मी एकदा अडवलं. खालचा मजला झालेला, सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालचे टेकू आणि फळ्या, लागलेलं, सेंट्रिंगवाल्याचं भाडं दिवसाला चढतंय. मला वाटलं, आता तरी चेक येईल. तीन दिवसांनी साईटवरून गेले, तर मिस्त्री खालच्या स्लॅबचं ड्रॉइंग हातात घेऊन वरची सळई बांधत होता! वर गच्चीवर पाण्याची टाकी येणार होती, ती खालच्या ड्रॉइंगमध्ये कशी असेल? मी तिथेच उभी राहून त्याला पेन्सिलीनं काढून दिलं, फुकट. तेव्हापासून माझा नियम आहे. अडवायचं तर फुटिंगच्या, म्हणजे पायाच्या, आधी. जमीन रिकामी असते तेव्हा अडून कुणाचा जीव जात नाही. म्हणून फीचा मोठा वाटा मी फुटिंगच्या ड्रॉइंगआधी घेते, आणि शेवटचा हप्ता बुडाला तर बुडाला असं मनाशी धरूनच आकडा ठरवते. इमारत उभी राहायला लागली की आपण अडू शकत नाही. लोकांनाही ते माहीत असतं, आपण त्यांना ते माहीत नाही असं समजतो.

आता सहीबद्दल. आर्किटेक्टना १९७२चा कायदा आहे, त्यांची कौन्सिल आहे. आपल्यापाशी महापालिकेचं लायसन्स आहे आणि सही आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं आणि ओसरलं, त्यानंतर एक गृहस्थ आले. जुनं घर, मातीत बांधलेल्या दगडी भिंती, चार-पाच दिवस पाण्यात. वर एक मजला चढवायचा होता. "मॅडम, बघायला यायची गरज नाही, फक्त स्टेबिलिटी सर्टिफिकेट द्या." मी म्हटलं, बघितल्याशिवाय देत नाही. गेले, बघितलं आणि बघूनही दिलं नाही. त्यांना सही दुसरीकडे मिळाली. आजही त्या गल्लीतून जाताना मी मान वर करून बघते. मजला उभा आहे. तुम्ही म्हणाल, मग तुमचा अंदाज चुकला. असेलही. पण साधा पाऊस झेलण्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं, प्रश्न पुराचा आणि भूकंपाचा असतो.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसापर्यंत तो सगळा भाग आपल्या भूकंपाच्या नकाशावर झोन १मध्ये होता, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याचा. २००२ला आयएस १८९३, म्हणजे भूकंपासाठीचं आपलं कोड, सुधारलं, तेव्हा झोन १ हा प्रकारच काढून टाकला आणि तो भाग झोन ३मध्ये गेला. २०१६ला तेच कोड पुन्हा बदललं. सांगायचं कारण असं की उद्या कुणी तुमची वीस वर्षांपूर्वीची फाइल काढून विचारेल, हे असं का केलं? म्हणून कॅल्क्युलेशनच्या पहिल्या पानावर तारीख आणि कोणत्या सालचं कोड वापरलं ते लिहा. माती कोणी तपासली, ते लिहा. तपासली नसेल तर 'मालकांच्या सांगण्यावरून मुरूम धरला' असंही लिहा. लाज वाटली तरी लिहा.

फाइली जपा असं मी सांगणार होते, पण तो अधिकार मला नाही. त्याच पुरात आमच्या तळमजल्यावरच्या ऑफिसातही पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या दोन खणांत १९९९ ते २००५चे अमोनिया प्रिंटचे, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या छापील प्रतींचे, रोल होते. पाणी उतरल्यावर मी आणि मावशींनी त्यांचा लगदा फावड्यानं काढला.

गेल्या वर्षी त्यातल्याच एका इमारतीचे सेक्रेटरी आले. २००३ची बिल्डिंग, स्टिल्टवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या खांबांवर, तीन मजले. सोसायट्यांच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. त्यांना ते करायचं होतं. बिल्डरनं धंदा बंद केलेला, आर्किटेक्ट वारलेले. "तुमच्याकडे ड्रॉइंग असेलच की." नव्हतं. मग मी रिबार लोकेटर, म्हणजे काँक्रीटच्या आतली सळई शोधायचं मशीन, भाड्यानं आणला आणि स्वतःच डिझाइन केलेल्या कॉलममध्ये स्वतःच लिहिलेल्या सळया शोधत दोन दिवस त्यांच्या पार्किंगमध्ये फिरले. शाळेतून आलेली मुलं विचारत होती, काकू, काय हरवलंय?

बिल लावलं का? मशीनच्या भाड्याचं लावलं, माझ्या दोन दिवसांचं लावलं नाही. सळया होत्या, जिथे हव्यात तिथे, जेवढ्या हव्यात तेवढ्या. दोन कॉलम सोडून. त्या दोन कॉलममध्ये सळई वेगळी आहे, आणि २००३ साली त्याबद्दल फोनवर माझं कुणाशी काय बोलणं झालं होतं, ते मला अजून आठवत नाही.