खर्ज किती इंचांचा?

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या आवाजाबद्दल मी बोलणार आहे, तो खर्ज, म्हणजे अगदी खालचा आवाज, ज्याला बेस म्हणतात, तुमच्या रेडिओतून बहुधा येतच नाही. पुरुषाच्या बोलण्याचा पायाचा स्वर साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या, आसपास असतो. स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर तीन इंचांचा. एवढ्याशा कागदी शंकूला तो स्वर धड पेलत नाही. तरी माझा आवाज तुम्हाला पुरुषाचाच वाटतोय ना? कारण वरचे दोनशे, तीनशे, चारशे हर्ट्झचे स्वर कानावर पडले की मेंदू हिशेब मांडतो, याचा पाया शंभरचा असणार, आणि गळालेला पाया स्वतःच भरून घेतो. रेडिओवर तबला लागला की डग्ग्याची जी घुमक तुम्हाला ऐकू येते, तिच्यातली बरीचशी तुमच्याच डोक्यात तयार झालेली असते.

पण मेंदूची ही उधारी एका ठिकाणी चालत नाही. ढोलपथक अंगावरून जाताना छातीत जो दाब बसतो, तो काही मेंदूला भरून काढता येत नाही. त्यासाठी खरोखरच हवा हलवावी लागते. नव्या फ्लॅटमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही लागला, होम थिएटर घ्यायचं ठरलं, की सबवूफर नावाचा तो काळा खोका घरात येतो तो याच कामासाठी. तुम्ही ‘पाच पॉइंट एक’ असं ऐकता ना, त्यातला तो ‘पॉइंट एक’ म्हणजे हाच. पाच स्पीकर पूर्ण आवाजाचे, आणि एक वाट फक्त खर्जासाठी राखलेली, १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजांची. अख्ख्या पट्टीचा लहानसा तुकडा, म्हणून तो एक नाही, पॉइंट एक.

हलवायची म्हणजे किती हवा? स्वर एक सप्तक खाली आणला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटला, तर शंकूला चौपट पुढेमागे व्हावं लागतं. ८० वरून ४० ला आलात, चौपट. ४० वरून २० ला, आणखी चौपट, म्हणजे एकूण सोळापट. त्यात आपले कान खर्जाच्या बाबतीत मुळातच मंद. म्हणून या कामाला वेगळा खोका, वेगळा मोठा शंकू आणि त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो.

आता दुकानात चला. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. आत शिरल्यावर पहिला प्रश्न येतो, “किती इंची दाखवू?” आठ, दहा, बारा, पंधरा. जणू भिंतीवरचा टीव्हीच. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. आठ इंचीपेक्षा बारा इंची शंकूचं क्षेत्रफळ सव्वादोन पट भरतं, त्यामुळे तो कमी कष्टात जास्त हवा ढकलतो. पण हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न दुकानदाराने विचारायला हवा तो असा: “खोली किती बाय किती?” आणि त्याने नाही विचारला, तर तुम्ही आपणहून सांगायचा.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझा हॉल दहा बाय चौदा. चौदा फुटांच्या एका टोकाला टीव्ही, मधोमध सोफा, कारण मागे जेवणाचं टेबल. मी बारा इंची धूड उचलून आणलं, टीव्हीशेजारी ठेवलं, चित्रपट लावला, पडद्यावर पूल कोसळला, आणि ऐकू काय आलं? फुसकं. मी आवाज वाढवला. तेवढ्यात आतून बायको म्हणाली, “अरे, पातेल्यावरची झाकणं नाचतायत!” मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि थक्क झालो. घरातला सगळ्यात उत्तम बेस ओट्यापाशी होता. एवढे पैसे मोजून मी जो गडगडाट विकत आणला, तो भाजी फोडणीला टाकताना ऐकायची सोय झाली होती.

खोका बिघडला नव्हता. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर धावतो. ४० हर्ट्झच्या स्वराची एक लाट त्या हिशेबाने सुमारे २८ फूट लांब होते. माझा हॉल १४ फुटांचा, म्हणजे बरोब्बर अर्धी लाट. अशा वेळी लाट समोरच्या भिंतीवरून परतते, येणाऱ्या लाटेत मिसळते आणि खोलीत ठाण मांडून बसते. दोन्ही भिंतींपाशी दाब सर्वात जास्त, मध्यभागी जवळजवळ शून्य. आणि मध्यभागी कोण? मी आणि माझा सोफा. सोफा अडीच फूट मागे सरकवला आणि कोसळलेला पूल परत आला. जेवणाचं टेबल आता खिडकीपाशी आहे, त्यावरून जे बोलणं झालं ते इथे सांगत नाही.

तर खर्जाच्या बाबतीत खोली हाच अर्धा सबवूफर. वरच्या स्वरांत खोलीचा एवढा जुलूम नसतो, तिथे लाटा वीतभर, हातभर. खर्जात लाट खोलीपेक्षा लांब, म्हणून खोली जे ठरवेल ते. एकच खोका मित्राकडे झकास आणि आपल्याकडे भिकार वाजतो, तो यामुळे. दुकानातल्या गाद्या लावलेल्या खोलीत ऐकून निर्णय घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायात घालून बघून चप्पल घेण्यासारखं आहे. त्यापेक्षा ‘घरी लावून बघतो, नाही जमलं तर बदलून द्याल का?’ हे आधी विचारा, आणि हो म्हणणाऱ्या दुकानात दोन पैसे जास्त द्या.

खोक्याच्या जाती दोन. एक बंद पेटीचा आणि दुसरा भोकाचा, ज्याला पोर्टवाला म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती एका ठरावीक स्वरात घुमते, तेच तत्त्व पोर्टवाल्यात वापरलंय. पेटी आणि नळी मिळून एका नेमलेल्या स्वराला साथ देतात, त्यामुळे तेवढ्याच वॅटमध्ये खालचा आवाज भरघोस मिळतो. पण त्या स्वराच्या खाली गेलात की साथ एकदम सुटते, सप्तकामागे २४ डेसिबलने. बंद पेटी १२ डेसिबलने हळूहळू उतरते. शिवाय लहान खोली स्वतःच अगदी खालच्या स्वरांना थोडा आधार देते, आणि बंद पेटीची हळुवार उतरंड त्या आधाराशी छान जुळते. म्हणून माझं मत विचाराल, तर दहा बाय बारा, दहा बाय चौदाच्या बंदिस्त खोलीत दहा इंची बंद पेटी. हॉलला जोडूनच स्वयंपाकघर, पॅसेज, सगळं उघडं असेल तर हवा जास्त भरते, तिथे बारा इंची पोर्टवाला. तो आकाराने पेटाऱ्याएवढा असतो, हे घरी आधी सांगून ठेवा. कंपन्यांची नावं मी घेणार नाही. दरवर्षी मॉडेलं बदलतात, खोल्या बदलत नाहीत.

वॅटचं काय? खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारोंचा आकडा छापलेला असेल तर तो वाचूच नका, तो लग्नपत्रिकेतल्या ‘वेळेवर येण्याचे करावे’ इतकाच खरा असतो. आरएमएस वॅट बघा, म्हणजे सतत मिळणारी ताकद. आणि हेही की वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॅट लागतात. दीडशे आणि दोनशे वॅटमधला फरक दुकानदाराला मोठा, कानाला जवळजवळ नाहीच.

आता खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांना विसरून सबवूफर घेऊ नका. उंच स्वर भिंत अडवते, खर्ज स्लॅबमधून आरपार जातो. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. पण यात एक गंमत दडलीय. हे मोजमाप ‘ए’ पद्धतीचं, म्हणजे मीटर आपल्या कानासारखाच खर्ज कमी धरतो. ५० हर्ट्झला तो ३० डेसिबल चक्क वजा करतो. त्यामुळे मीटर निवांत असतो आणि काकूंचा पलंग हलत असतो. खोक्याखाली रबराची किंवा फोमची जाड पट्टी घातली तर फरशीला थेट जाणारा हादरा कमी होतो, पण हवेतून स्लॅबला बसणारा धक्का तिने थांबत नाही. रात्रीसाठी खरा उपाय रिसीव्हरमधला, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मुख्य डब्यातला, नाइट मोड, तो दणके दाबतो आणि संवाद वर आणतो. आणि काकूंना एकदा चहाला बोलावून, ‘किती वाजल्यानंतर त्रास होतो?’ हे विचारून ठेवणं.

जागा कशी शोधायची, याची एक जुनी युक्ती आहे. करताना हसू येतं, पण अचूक आहे. तुम्ही जिथे बसणार, तिथे सोफ्यावर सबवूफर ठेवायचा. सावकाश चालणारं, खर्जाचं एकेक अंग मोजून देणारं काहीतरी लावायचं. मी तंबोरा लावतो, काळी एकचा. त्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. आणि एखादं बेस गिटारचं वादन, कारण त्याची सर्वात खालची तार ४१ ची. मग गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरायचं, कान जमिनीच्या जवळ. जिथे सगळे स्वर सारख्या वजनाने ऐकू येतील, एकही बोंबलणार नाही आणि एकही गायब होणार नाही, तिथे खोका. कोपऱ्यात आवाज नेहमी मोठा येतो. मोठा म्हणजे चांगला असं मात्र समजू नका, कोपऱ्यात पुष्कळदा नुसता घुमारा होतो.

जोडणी झाली की रिसीव्हरमध्ये सबवूफर आणि बाकीच्या स्पीकरांमधली सीमारेषा, म्हणजे क्रॉसओव्हर, ८० हर्ट्झवर ठेवा. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून खोका टीव्हीशेजारीच हवा असं नाही. खोक्यावरचं क्रॉसओव्हरचं बटण मात्र पूर्ण वर फिरवून ठेवा, नाहीतर रिसीव्हरची आणि खोक्याची, अशा दोन गाळण्या एकावर एक बसतात. तुमचे बाकीचे स्पीकर जर मुठीएवढे असतील तर ८० ची रेषा त्यांना झेपणार नाही, ती दीडशेपर्यंत न्यावी लागेल, आणि मग पुरुषाचा आवाज पडद्यातून न येता टीपॉयखालून येतो. म्हणून सगळा पैसा सबवूफरवर घालू नका, समोरचे तीन बऱ्यापैकी घ्या. खोका सतत गुणगुणत असेल, तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा गुण आहे, सेट टॉप बॉक्सची केबल काढून बघा. गुणगुण थांबते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे महाभाग मी पाहिलेत, ते कृपा करून करू नका.

१९७४ साली अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओने भूकंपाच्या एका चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड मोठे खर्जाचे स्पीकर बसवले होते. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये छताखाली जाळी लावावी लागली, प्लास्टरचे तुकडे प्रेक्षकांवर पडू नयेत म्हणून. आपल्या घरात एवढं होणार नाही. पण काहीतरी थरथरणारच. सगळं लावून झालं की २० पासून १०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर लावा आणि तळवा टेकवत घरभर फिरा. माझ्याकडे आधी ट्यूबलाइटची पट्टी सापडली. मग शोकेसची काच, सरकत्या खिडकीचा अ‍ॅल्युमिनियमचा पट्टा, फोटोची एक फ्रेम. सगळ्यांना फेल्ट आणि टेप लावले. तरी ५६ च्या आसपास कुठूनतरी एक बारीक किणकिण यायचीच. चार दिवस शोधलं. शेवटी आई देवपूजेला बसली असताना मी तो स्वर लावला, आणि ती म्हणाली, “अरे, घंटा आपोआप वाजतेय.” घंटा तिने काही हलवू दिली नाही. सबवूफर दीड फूट डावीकडे सरकवला.

नमस्कार.