आधी राउंड, मग चेंबर, मग बॅरल

मंडळी, नमस्कार. आज पालकही मोठ्या संख्येने आलेत, हे चांगलं झालं. कारण बॅरल, म्हणजे रायफलीची नळी, बदलायची का हा विषय माझ्यापर्यंत येतो तो बहुतेक वेळा पालकांकडूनच. "सर, दोन महिने स्कोअर घसरतोय. बॅरल बदलून टाकूया का?" २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून मारायच्या प्रकारात, विश्वविजेती झाली. मग १ ऑगस्ट २०२४ला स्वप्नील कुसाळेने गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं. दोघंही कोल्हापूरचे. त्यामुळे आपल्याकडच्या घराघरांत आता पॉइंट टू टू, म्हणजे ५० मीटरच्या, रायफलची चर्चा होते, आणि चर्चा सुरू झाली की खर्चही सुरू होतो. म्हणून आज मी फक्त ५० मीटरच्या रायफलीबद्दल बोलणार आहे.

पहिल्यांदा हिशोब समजून घ्या. टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर आणि आपली गोळी ५.६ मिलिमीटरची. गोळी रेषेला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे भोकांच्या बाहेरच्या कडा धरून २१.६ मिलिमीटरच्या गोलात, टार्गेटच्या बरोबर मध्यावर, ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बसला तर सगळे दहाच. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत एवढं पुरतं. फायनलमध्ये मात्र दशांश मोजतात आणि तिथे मध्यापासून दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. स्वप्नीलचे ४४ शॉट्सचे ४५१.४ झाले होते. सरासरी काढा, १०.२६ येते. अशा ठिकाणी बॅरलने दीड-दोन मिलिमीटर खाल्ले तर ते नेमबाजाच्या खिशातून जातात. बॅरल महत्त्वाची नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

पण ती झिजते कशी, हे आधी बघू. आपली गोळी शिशाची, साधारण २.६ ग्रॅमची. मॅचचा राउंड, म्हणजे गोळीसकट अख्खं काडतूस, आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच ठेवलेला असतो, सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. मऊ शिसं पोलादाला फारसं घासत नाही. मोठ्या बोअरच्या रायफलीत बॅरल जळते तशी आपली जळत नाही. बिघडतो तो चेंबरच्या, म्हणजे राउंड बसतो त्या जागेच्या, लगेच पुढचा, बोटाच्या एका पेराएवढा भाग. राउंडच्या कडेत जो प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला, असतो त्यात अनेक उत्पादक काचेची बारीक पूड घालतात. फायर झाल्यावर ती तळाशी पडते आणि पुढची गोळी तिला दाबत, घासत जाते. म्हणून बोअरस्कोपने, म्हणजे बॅरलच्या आत बघायच्या बारीक दुर्बिणीने, बघाल तर झीज सहा वाजताच्या जागी जास्त दिसते. त्याच भागात जळक्या कार्बनचं कडंही साचतं. या दोन्ही गोष्टी टार्गेटवर एकसारख्याच दिसतात. आठ राउंड एका भोकात आणि दोन भलतीकडे.

सांगली भागातून एक मुलगी माझ्याकडे सरावाला यायची. तिचाही स्कोअर असाच घसरला होता आणि वडील नव्या बॅरलसाठी एफडी मोडायला निघाले होते. मी म्हटलं, दादा, दोन दिवस थांबा. बोअरस्कोप घातला तर चेंबरच्या तोंडाशी काळं, चमकदार, कडक झालेलं कडं. कार्बनचं सॉल्व्हंट लावून रात्रभर ठेवलं, सकाळी ब्राँझ ब्रशने घासलं, संध्याकाळी पुन्हा तेच. मग रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, आवळून त्याच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या राउंडचे, दहा-दहाचे ग्रुप मारले. फ्लायर, म्हणजे ते भलतीकडे जाणारे शॉट, गेले. एफडी वाचली.

घासूनही फरक पडला नाही आणि झीज खरीच असली, तरी नवी बॅरल घ्यायच्या आधी एक पायरी उरते. मागचा झिजलेला तुकडा कापून त्याच बॅरलमध्ये नव्याने चेंबर करता येतो. पुढचं रायफलिंग, म्हणजे बॅरलच्या आतले पेचदार चर, शाबूत असेल तर यातून उत्तम काम होतं. हे कोणी आपणहून सुचवत नाही. तुम्ही विचारा.

आता चेंबर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथलीच आहे. स्पोर्टिंग चेंबर सैल असतो. कुठलाही राउंड जातो, पण गोळी रायफलिंगला लागण्याआधी थोडी उडी मारते आणि त्या उडीत तिरकी होऊ शकते. मॅच चेंबरमध्ये बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, बंद करतानाच गोळीचा जाड पट्टा रायफलिंगमध्ये किंचित रुततो, म्हणून ती सुरुवातीपासून मध्यावर राहते. मात्र सगळे मॅच चेंबर एकसारखे नसतात. रायफलिंगचा उतार कुठून सुरू होतो आणि तो किती सौम्य आहे, यावर सगळं ठरतं. एली कंपनीच्या ईपीएस गोळीचं नाक चपटं असतं, म्हणून तिच्यासाठी वेगळा चेंबर निघाला. लापुआ आणि आरडब्ल्यूएस या कंपन्यांची गोळी गोल नाकाची. एकीसाठी कापलेला चेंबर दुसरीला मानवेलच असं नाही.

माझी समजूत होती की जितकं टाइट तितकं अचूक. नवी बॅरल करायला दिली तेव्हा गनस्मिथने, म्हणजे बंदुकीच्या कारागिराने, कुठला राउंड वापरता ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. बॅरल आली, व्हाइसमध्ये ग्रुप सुरेख पडले. प्रोनमध्ये झोपलो तेव्हा कळलं. बोल्ट बंद करायला जोर लागायचा आणि प्रत्येक वेळी बट खांद्यावर केसभर सरकायचा. साठ राउंडला साठदा पोझिशन पुन्हा जुळवायची! पुढे एका मॅचमध्ये ‘अनलोड’ची ऑर्डर आली, मी बोल्ट ओढला, तर राउंडचं पितळी टरफल बाहेर आणि गोळी आत रुतलेली. ॲक्शनभर, म्हणजे बोल्ट चालतो त्या भागात, पावडर सांडली. हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवावं लागलं. ती गोळी मी जपून ठेवली आहे. भिंगातून बघा, पट्ट्यावर खोल चरे आहेत आणि एका बाजूला जास्त खोल. म्हणजे तो चेंबर नुसता टाइट नव्हता, बोअरच्या मध्यावरही नव्हता.

चांगल्या चेंबरमध्ये हेच चरे बारीक, उथळ आणि चौफेर सारखे दिसतात, आणि बोल्ट अंगठ्याने बंद होतो. गनस्मिथकडे तुमच्याच राउंडचे पावडर नसलेले डमी द्या आणि त्यावरच चेंबर जुळवायला सांगा. हेडस्पेस, म्हणजे राउंडच्या कडेसाठीची जागा, ०.०४३ इंच, सुमारे १.०९ मिलिमीटर असते. ती किती ठेवली ते लिहून घ्या.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मॅचचा राउंड बाहेरून येतो. युरोपातला नेमबाज उत्पादकाच्या टेस्ट रेंजवर जाऊन, स्वतःच्या बॅरलला मानवणारा लॉट निवडून घरी नेतो. आपल्याला जो लॉट हाती येतो तो घ्यावा लागतो, आणि पुढच्या वर्षी ब्रँडही बदललेला असू शकतो. म्हणून एकाच गोळीवर बेतलेला चेंबर मी आपल्या मुलांना सुचवत नाही. दोन-तीन ब्रँड सहज घेणारा, सौम्य उताराचा मॅच चेंबर घ्या. त्यात दोन दशांश गेले तरी चालतील, पण सीझनच्या मध्यावर रायफल रुसून बसायला नको.

बॅरलबद्दल थोडक्यात सांगतो. रायफलिंगचा सोळा इंचात एक फेरा हा ट्विस्ट रुळलेला आहे, तो बदलू नका. साधारण अठरा इंचांच्या पुढे लांबी वाढवून वेग वाढत नाही. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, पुढे हवी असेल तर ट्यूब लावता येते. वजन मात्र हातात धरून बघा, कारण स्टँडिंगमध्ये तोल बदलला तर मुलाला महिनोन्महिने नव्याने शिकावं लागतं. आणि पालकहो, कायद्याने बॅरल हा शस्त्राचाच भाग आहे. कुरियरने मागवायची ती वस्तू नाही. परवाना आणि नोंदी चोख असलेल्याच माणसाकडून काम करून घ्या.

आता ज्यांनी रायफली आणल्यात त्यांनी बोल्ट काढून, चेंबर रिकामा असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग लावून डावीकडच्या टेबलावर ठेवा. बोअरस्कोप जोडलेला आहे. एकेकाने या, आधी चेंबरचं तोंड बघू.