आधी ताट, मग टाकी

मंडळी, विषय जाहीर झालाय 'समुद्रघोड्यांसाठी घरातली मोठी टाकी'. पुढच्या रांगेत ज्यांनी वह्या काढल्यात त्यांना मापं हवी आहेत. मापं देतो. पण माझं एक जुनं म्हणणं आहे, ते आधी ऐकून घ्या: समुद्रघोड्याचं सगळं गणित खाण्यापासून सुरू होतं. टाकी, पंप, दिवे, सगळं त्याच्या मागून.

या प्राण्याला जठर नाही, दात नाहीत. गिळलेलं पुरतं पचायच्या आत आतड्यातून पुढे सरकतं, म्हणून समुद्रात तो दिवसभर काही ना काही टिपत असतो. हे मी घरी कौतुकाने सांगत होतो, तर इथला उन्हाळा बघायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "पोटच नाही तर भूक कसली?" हसताय, पण त्यांच्या उलट तपासणीमुळेच मला हे नीट समजावून सांगता यायला लागलं. पोट नाही, म्हणजे साठवण नाही, म्हणून भूक संपतच नाही. त्यानंतर त्यांनी स्वतःहून दुपारच्या जेवणाचं खातं सांभाळलं.

खाताना बघा एकदा. मायसिस, म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, वरून खाली येत असते. घोडा शेपटीने काडी धरून बसलेला. एक डोळा तिच्याकडे वळतो, दुसरा खुशाल आपल्याकडे बघत असतो. दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. मान हळूच खाली, नळीसारखं तोंड जवळ, आणि 'टक्'. हा आवाज शांत खोलीत काचेबाहेर ऐकू येतो. मायसिस जरा लांबून गेली तर? तो मागे पळत नाही. पाठीवरचा पर सेकंदाला पस्तीसेक वेळा फडफडवूनही त्याची चाल ती किती! मोठ्या टाकीत अन्न कोपऱ्यात जाऊन कुजतं आणि घोडा उपाशी राहतो, ते यामुळे.

आता माझी तक्रार. वेळ जाईल, जाऊ दे. इथल्या एका दुकानात, नाव घेत नाही, तुमच्यातले निम्मे तिथलेच गिऱ्हाईक आहात, काचेवर चिठ्ठी होती 'टँक रेज्ड', म्हणजे टाकीत वाढवलेला. असा माल बरेचदा समुद्रातच जाळ्यांच्या कुंपणात वाढवलेला असतो. त्याला सवय जिवंत भक्ष्याची, आणि सोबत समुद्रातले परजीवी फुकट. मी म्हटलं, माझ्यासमोर खायला घाला. पोरगा म्हणाला, आत्ताच घातलं. संध्याकाळी गेलो तर म्हणे दिवे बंद व्हायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे त्याने फ्रोझन मायसिस सोडली. दोन्ही घोडे पंगतीत रुसून बसलेल्या व्याह्यांसारखे ताटाकडे ढुंकूनही बघेनात. समोरून पाहिलं तर पोटाच्या कडांमधला भाग आत खोल गेलेला. मालक आला आणि म्हणाला, "घरी गेल्यावर खातील. वीस टक्के कमी करतो." अहो, उपाशी जनावरावर सूट! घ्यायचाच तर पैदास केंद्रात जन्मलेला, फ्रोझन खाणारा घ्या, आणि खाताना बघूनच पैसे द्या. आणि हो, पुण्याहून भाचा विचारतो, दोन पाठवाल का? भारतात 2001 पासून हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत. जगभरच्या व्यापारावरही 2004 पासून साइट्सचं, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नियंत्रण आहे. भाच्याला म्हटलं, व्हिडिओ कॉलवर बघ.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. बरं, मापं.

लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. नर-मादी जोडीने वर चढत असतानाच मादी नराच्या पिशवीत अंडी सोडते. उंची कमी पडली तर अंडी खाली सांडतात. आपल्या अटलांटिकचा 'इरेक्टस' जातीचा घोडा सहा-सात इंच वाढतो. त्याच्या दोन जोड्यांना 65 गॅलनची टाकी घ्या: 3 फूट लांब, दीड फूट रुंद, 2 फूट उंच. नुसतं पाणीच अडीचशे किलोच्या आसपास भरतं, वर काच, दगड, स्टँड. जमिनीखालच्या तुळया कुठे जातात ते बघून, तुळयांना आडवी ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर आधी मालकाला विचारा.

पाणी आरओचं, मीठ घालून क्षारता (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास. वाफ झालेली भरपाई गोड्या पाण्याने करायची, मीठ काही उडत नाही. तापमान 68 ते 74 फॅरनहाइट. त्याच्या वर गेलं की रोग आणणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंचं फावतं. उन्हाळ्यात पाणी गार ठेवणारा चिलर लागेल, त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. प्रोटीन स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, हवाच, कारण एवढं खाऊ घातल्यावर घाणही तेवढीच. प्रवाह जरूर ठेवा, पण निवांत कोपरेही ठेवा, आणि पंपाच्या तोंडावर जाळी लावा, नाहीतर शेपटी आत जाते. धरायला खोटी समुद्रवेल किंवा गॉर्गोनियन, म्हणजे फांद्यांसारखं पोवळं. दगड कोरडेच आणा. जिवंत दगडावरून, म्हणजे समुद्री जीव चिकटलेल्या दगडावरून, हायड्रॉइड आणि एप्टेशिया हे डंख करणारे बारके जीव येतात.

मग घाण पचवणारे जिवाणू वाढावेत म्हणून टाकी अमोनिया घालून चार ते सहा आठवडे रिकामी चालवा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच घोडे.

आणि ताट: शिंपला किंवा काचेची वाटी एकाच ठिकाणी ठेवा, मायसिस नळीने तिथेच सोडा, दिवसातून दोन-तीनदा. काही दिवसांत घोडे स्वतःच वाटीपाशी येऊन थांबायला लागतात. अर्ध्या तासाने उरलेलं सायफनने काढायचं, त्याला सुट्टी नाही.

मागून कोणीतरी क्लाउनफिशचं विचारतंय. नको. घोडा मान वाकवेपर्यंत तो वाटी साफ करतो. बारक्या गोगलगाई चालतील, खेकडे नकोत, शेपटी धरतात.