पोलिसांच्या पाठीशी म्हणजे नेमकं कुठे?

नमस्कार. मी पोलीस लाइनीत वाढले. वडील हवालदार होते. गणपतीच्या बंदोबस्तात ते दिवसचे दिवस घरी दिसायचे नाहीत. विसर्जन आटोपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे आणि दारातच बसून बूट काढायचे. मोजे पायाला चिकटलेले असायचे. आई कोमट पाणी ओतून ते हळूहळू सोडवायची. त्यामुळे ‘आम्ही पोलिसांच्या पाठीशी आहोत’ असं व्यासपीठावरून कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्यांना हेच एक वाक्य सिद्ध करत अख्खी निवडणूक लढवावी लागली.

व्हॅल डेमिंग्ज. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक्सनव्हिल शहरात कृष्णवर्णीय, गरीब घरात जन्म. वडील सफाई कामगार, आई घरकाम करणारी. ऑर्लँडोच्या पोलीस दलात त्या गस्तीपासून सुरुवात करून 27 वर्षं राहिल्या आणि 2007 ते 2011 या काळात दलाच्या प्रमुख होत्या. त्या पदावर बसलेली ती पहिली बाई. पती जेरी हेसुद्धा त्याच शहराचे माजी पोलीस प्रमुख, नंतर काउंटीचे, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचे, शेरीफ, म्हणजे तिथले निवडून आलेले पोलीस प्रमुख. डेमोक्रॅटिक पक्षाकडून 2016 साली त्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, निवडून गेल्या आणि 2022 साली वरच्या सभागृहासाठी, सिनेटसाठी, रिपब्लिकन मार्को रुबिओ यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

आता बघा, अशा उमेदवाराला ‘तुम्ही पोलिसांच्या विरोधात आहात’ असं कोण म्हणेल? पण म्हटलं गेलं, आणि ते चाललंही.

कारण होतं 2020. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. डेमिंग्ज यांनी लगेच वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि वर्दीतल्या भावाबहिणींना सरळ विचारलं, हे काय चालवलंय तुम्ही? पुढे मिनियापोलिसच्या नगर परिषदेत दलच मोडीत काढायची भाषा सुरू झाली. त्याबद्दल टीव्हीवर विचारल्यावर, परिषद विचारपूर्वक पाहते आहे, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. दोन वर्षांनी विरोधकांनी नेमकं तेच उत्तर उचललं. मग जाहिरातीत त्यांना सांगावं लागलं की पोलिसांचा निधी कापणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

फ्लॉइड यांच्या नावाच्या सुधारणा विधेयकालाही त्यांनी मत दिलं होतं. गळा आवळण्याच्या पकडीवर बंधन, गैरवर्तन करणाऱ्या पोलिसांची देशपातळीवर नोंद, दिवाणी दाव्यांपासून मिळणारं कवच काढून घेणं अशी त्याची कलमं. मार्च 2021 मध्ये ते प्रतिनिधिगृहात 220 विरुद्ध 212 मतांनी मंजूर झालं. सिनेटमध्ये अडकलं.

त्यांची कारकीर्द निष्कलंक होती असं मी म्हणणार नाही. त्या प्रमुख असताना एका 84 वर्षांच्या माजी सैनिकाला ऑर्लँडोच्या पोलिसाने जमिनीवर आपटलं आणि त्याची मान मोडली. खात्याने पोलिसाला दोषमुक्त केलं. पुढे ज्युरीने त्या म्हाताऱ्याला 8 लाख 80 हजार डॉलर देवविले. म्हणजे एक बाजू म्हणत होती या खात्याला पाठीशी घालतात, दुसरी म्हणत होती या खात्यावर उलटल्या. आणखी एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. 2009 साली घरासमोर उभ्या केलेल्या गाडीतून त्यांचं सरकारी पिस्तूल, बेड्या आणि दंडुका चोरीला गेला. प्रमुखपदावर असतानाही लेखी ताकीद त्यांना मिळाली. शिपायाला जो नियम, तोच साहेबाला. पोलीस लाइनीतल्या लोकांना याचं मोल कळेल.

एक गोष्ट इथे समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत जवळपास 18,000 वेगवेगळी पोलीस दलं आहेत, आणि त्यांचा पगार मुख्यतः शहरं, काउंटी आणि राज्यं देतात. आपल्याकडे पोलीस हा विषय राज्यसूचीत आहे, तिथे तो आणखी खाली, गावापर्यंत उतरलेला. वॉशिंग्टनमधल्या खासदाराच्या हातात असतात ती अनुदानं आणि कायदे. म्हणून खासदाराची पाठराखण तिथेच मोजायला हवी. मार्च 2021 च्या करोना मदत कायद्यात राज्यं आणि स्थानिक सरकारांना 350 अब्ज डॉलर मिळाले. फ्लोरिडात पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांना 1,000 डॉलर बोनस गेला तो त्याच केंद्रीय पैशातून. डेमिंग्ज यांचं मत त्या कायद्याच्या बाजूने होतं, रुबिओ यांचं विरोधात.

आणि मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं स्वतःचं विधेयक. तिकडे 2020 च्या सुमारास जवळपास निम्म्या खुनांची उकल होत नव्हती. निम्म्या! कुणाचा तरी मुलगा मारला जातो, आई चौकीवर खेटे घालते, आणि कागद तसाच पडून राहतो. डेमिंग्ज यांचं म्हणणं होतं की तपास अधिकारी वाढवा, त्यांना शिकवा, पुरावे तपासणारी माणसं द्या, पीडितांच्या कुटुंबांना आधार द्या, त्यासाठी केंद्राने पैसे द्यावेत. तपास करणाऱ्या पोलिसाची आणि त्या आईची बाजू इथे एकच होते. घोषणा देऊन पोलिसाला हे मिळत नाही, हाताखाली माणूस मिळाला तर मिळतं. 22 सप्टेंबर 2022 रोजी हे विधेयक प्रतिनिधिगृहात 250 विरुद्ध 178 मतांनी मंजूर झालं. एखाद्या माजी प्रमुखाने खात्यासाठी याहून जास्त काय करावं?

प्रचारात मात्र गाजलं ते दोन वर्षांपूर्वीचं टीव्हीवरचं उत्तर. राज्यातले बहुसंख्य शेरीफ रुबिओ यांच्या मागे उभे राहिले. 8 नोव्हेंबरला डेमिंग्ज सुमारे 16 टक्क्यांच्या फरकाने हरल्या. सिनेटसाठी त्यांनी आपली प्रतिनिधिगृहातली जागा सोडली होती. 3 जानेवारी 2023 ला जुन्या संसदेची मुदत संपली आणि त्यांची खासदारकीही. खुनांच्या तपासाचं ते विधेयक तोवर सिनेटमध्ये मंजूर झालं नव्हतं. नियमाप्रमाणे ते त्याच दिवशी बाद झालं.