आठळीतलं जॅकलिन

[दृश्य: गऱ्यातून आठळी सुटते]

फणसाची आठळी कोकणात भाजीत पडते, विस्तवातही भाजली जाते. पण साखर धरणारं तिच्यातलं प्रथिन उष्णतेनं निकामी होतं, म्हणून ते प्रथिन पाहण्याच्या या प्रयोगात आठळी कच्चीच घ्यायची. साखरेचे ठरावीक रेणू ओळखून पकडणाऱ्या प्रथिनांना लेक्टिन म्हणतात. आठळीतलं हे लेक्टिन म्हणजे जॅकलिन.

सोललेल्या आठळ्या वाटून 7.4 पीएचच्या फॉस्फेट-मिठाच्या बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर राखणाऱ्या द्रावणात, रात्रभर थंडीत ढवळायच्या. सेंट्रिफ्यूजमध्ये वेगानं फिरवून गाळ खाली बसवायचा आणि वरची निवळ घ्यायची. गोल बुडाच्या प्लेटमध्ये ती खळग्यागणिक निम्मी पातळ करत न्यायची आणि रक्तातल्या धुतलेल्या तांबड्या पेशींचं 2 टक्के मिश्रण घालायचं. मग तासभर प्लेटला हात लावायचा नाही.

[दृश्य: खळगे, वरून, अगदी जवळून]

लेक्टिन नसेल तिथे पेशी घरंगळून तळाशी रेखीव लाल ठिपका होतो. असेल तिथे ते पेशींवरची साखर पकडतं, आणि त्या एकमेकींत अडकून बुडभर पसरतात. प्लेटला धक्का लागला तर दोन्हींतला फरक पुसला जातो. आणि याला रक्त गोठणं म्हणू नये. रक्ताची गुठळी बांधणाऱ्या फायब्रिन या प्रथिनाचा इथे काही संबंध नाही.

जॅकलिनला चार उपघटक, प्रत्येकावर साखर धरणारी एक जागा. एकेका जागेची पकड सैलच. पण अनेक जागा एकदम लागल्या की पेशी सुटत नाहीत.

[दृश्य: त्रिमितीय रचना फिरते]

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटानं 1996 मध्ये ही रचना प्रसिद्ध केली. प्रत्येक उपघटक तीन बाजूंचा लोलक आहे, बाजूगणिक चार बीटा-पट्ट्या, म्हणजे साखळीचे शेजारी शेजारी बसलेले ताणलेले भाग. खरी गंमत आहे ती साखळी कापली जाण्यात. बी तयार होताना प्रथिनाची सलग साखळी तुटून 133 अमिनो आम्लांची अल्फा आणि 20 ची बीटा साखळी उरते. अल्फाच्या टोकाचं ग्लायसिन मोकळं होतं आणि त्याचा अमिनो गट गॅलॅक्टोज या साखरेला धरतो. याच आठळीतल्या आर्टोकार्पिन या दुसऱ्या लेक्टिनची साखळी कापली जात नाही. त्याची पसंती मॅनोज या वेगळ्या साखरेला.

पडताळा घेताना पेशींआधी अर्धा तास गॅलॅक्टोज मिसळायचं. पेशी चिकटल्या नाहीत, तर पकड साखरेचीच होती. निवळ दाट राहिली तर साखर पुरी पडत नाही आणि प्रयोग फसल्यासारखा दिसतो. म्हणून पेशी पसरलेल्या शेवटच्या खळग्याच्या चौपट तीव्रता धरावी, त्याहून जास्त नको.

मण्यांवर बसवलेल्या जॅकलिनमधून रक्तद्रव सोडला, की आयजीए-1 हे प्रतिपिंड अडकतं, आयजीजी हे दुसरं प्रतिपिंड वाहून जातं. अडकलेलं सोडवायलाही गॅलॅक्टोजच लागतं.