टाळी, किल्ली आणि गोफण

(मुंडगोड. वादाचं अंगण. आधी नुसता आवाज, मग चित्र.)

हे भांडण नाही, तिबेटी भिक्षूंचा अभ्यास चाललाय. उभा आहे तो प्रश्न विचारणारा, खाली बसलाय तो उत्तर देणारा. प्रश्न संपला की डावा पाय जमिनीवर आपटायचा आणि उजवा तळहात डाव्यावर हाणायचा. विषय आहे प्रमाणशास्त्र, म्हणजे आपल्याच प्राचीन बौद्ध आचार्यांचं, दिङ्नाग आणि धर्मकीर्तींचं, तर्कशास्त्र. तिबेटची राजधानी ल्हासा, तिच्याजवळचे ड्रेपुंग आणि गांदेन हे महामठ १९५९ नंतर, चिनी राजवटीतून निसटलेल्या निर्वासितांनी इथे, उत्तर कर्नाटकात, पुन्हा उभे केले.

आमच्या कॅमेरामनने पहिल्या दिवशी हळूच विचारलं, "हे कराटेतलं काही आहे का?" आम्ही हसलो. पण हाच प्रश्न जरा गंभीर चेहऱ्याने जगभर विचारला जातो. तिबेटची स्वतःची युद्धकला होती का? "नव्हती" म्हणणारे विचारतात, असेल तर तिचा ग्रंथ कुठाय?

"होती" म्हणणारे बरेच जण बोट दाखवतात ते हाँगकाँगकडे. तिथे लामा पाई, हॉप गार अशा कुंग-फूच्या शाखा शिकवल्या जातात. त्यांची दंतकथा अशी, की एका लामाने बगळा आणि वानर यांची झुंज पाहिली आणि त्यातून डावपेच बसवले. कथा छान आहे. पण या शाखांचा हाती लागणारा इतिहास एकोणिसाव्या शतकातल्या, दक्षिण चीनमधल्या ग्वांगचौचा आहे, डावांची नावं तिथल्या कँटोनीज भाषेतली आहेत. तिबेट शोधायचं तर ते तिबेटात शोधावं.

(जुनं कृष्णधवल छायाचित्र. हळूहळू जवळ.)

हा बघा. हाही भिक्षूच आहे. याला म्हणत दोब-दोब.

शामताप, म्हणजे भिक्षूचं नेसूचं वस्त्र, कमरेशी असं खोचलेलं की अंग दुप्पट दिसावं. कानामागे राखलेली झुलपं. दंडाला पट्टी. डोळ्यांभोवती काजळी, समोरच्याला धडकी भरावी म्हणून. आणि कमरेला लोंबणारी ही जड लोखंडी किल्ली. हिचं कुलूप कुठे होतं ते असो. मारामारीत ती फिरवली की पुरत असे.

ड्रेपुंगमध्ये ७,७०० आणि ल्हासाजवळच्याच सेरा या मठात ५,५०० भिक्षू, असे परंपरेने सांगितले जाणारे आकडे आहेत. त्यांतला साधारण दहावा हिस्सा दोब-दोबांचा असावा, असा अंदाज मानववंशशास्त्रज्ञ मेल्विन गोल्डस्टीन यांनी १९६४ मध्ये मांडला. पोथीत यांचं मन रमत नसे. हजारोंसाठी चहा उकळणं, ओझी वाहणं, प्रवासात मठाच्या मंडळींची राखण करणं ही यांची कामं. तिबेटी वर्षाच्या पहिल्या महिन्यात मोन्लाम हा प्रार्थनोत्सव भरे, तेव्हा ल्हासा शहराचा कारभार ड्रेपुंगच्या शिस्तपालांकडे जाई आणि गर्दी आवरायला हीच मंडळी पुढे असत.

आणि मठाबाहेर यांचं मैदान असे. धावत येऊन उंचवट्यावरून लांब उडी घ्यायची. दगड फेकायचे. गट ठरलेले, सराव ठरलेला, एका मठाच्या दुसऱ्या मठाशी स्पर्धा ठरलेल्या. आपल्याकडे याला तालीम म्हणतात, आणि तालमीत ग्रंथ कोणता लावलाय हे कुणी विचारत नाही. मग तिबेटकडेच ग्रंथ का मागायचा?

१९५९ मध्ये हे सगळं संपलं.

(छाम, म्हणजे मठातलं धार्मिक नृत्य. ढोल. काळी टोपी, घेरदार बाह्या.)

या बाह्यांकडे लक्ष ठेवा. परंपरा सांगते, इसवी सन ८४२ मध्ये ल्हालुंग पेल्गी दोर्जे नावाचा भिक्षू असाच झगा घालून राजा लांगदर्मासमोर नाचला. बाहीत धनुष्यबाण लपवलेला. राजाला बाण मारून तो पळाला. पांढऱ्या घोड्याला काजळी फासली होती, ती नदीत धुऊन गेली. झग्याचं अस्तर पांढरं, तो उलटा केला. काळ्या स्वाराच्या मागावर निघालेल्यांना तो सापडलाच नाही. बौद्ध धर्म वाचवण्यासाठी केलेला खून हा धर्म अजून नाचून सांगतो. 'शांत लामा' एवढंच चित्र मनात धरून बसलेल्यांनी हा नाच एकदा पूर्ण बघावा.

(ढोल चालू. निवेदन नाही.)

आता हे आजोबा. लहानपणी याक राखायचे. हातात आहे ती उर्दो. 'दो' म्हणजे दगड. आपल्याला ओळखू येईलच, ही गोफण. आपल्याकडे ज्वारीवरची पाखरं उठवायला, तिकडे भरकटलेला याक वळवायला आणि लांडग्याला हाकलायला.

एका टोकाला बोट अडकवायचा फासा. मधे दगड बसेल एवढी विणलेली झोळी. दुसरं टोक मोकळं, शेवटाला बारीक होत गेलेलं. तिकडे ती याकच्या काळ्या-पांढऱ्या लोकरीची विणतात. मुंडगोडला याक कुठून आणणार? म्हणून ही विणलीय स्वेटरच्या लोकरीतून. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात ना, तीच. मरून आणि राखाडी. विणताना आजोबा चार पेड मोजतात, एक सोडतात, पुन्हा चार. चुकलं की पहिल्यापासून.

आणि खरी लढाई? १९०४ मध्ये तिबेटात घुसलेल्या यंगहजबंडच्या ब्रिटिश फौजेपुढे तिबेटी सैनिक तलवारी आणि तोड्याच्या बंदुका घेऊन उभे राहिले. समोर मॅक्झिम मशीनगन होत्या. गुरू नावाच्या गावाजवळ त्या दिवशी सहाशेहून अधिक तिबेटी मेले.

(संध्याकाळ. मक्याचं शेत.)

आम्ही आजोबांना विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं? त्यांना प्रश्नच कळला नाही. "याक कोणी राखायचे मग?" म्हणाले.

फासा बोटात. मोकळं टोक चिमटीत. डोक्यावरून एक फेरा, दुसरा, आणि चिमूट सुटली.

(फटका. दगड बांधापलीकडे पडल्याचा आवाज. पाखरं उठतात.)