पाळण्यातले पाय, छातीवरचे तारे

[दृश्य: शाळेचं जिम. टेबलावर ओळीने मांडलेल्या टोप्या.]

अमेरिकेतल्या एखाद्या हायस्कूलचं जिम. बास्केटबॉलच्या कोर्टावर टेबल टाकलंय, त्याच्यावर चादर, चादरीवर तीन-चार टोप्या. प्रत्येक टोपीवर एकेका कॉलेजचं चिन्ह. टेबलामागे १७-१८ वर्षांचा मुलगा, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आजी, समोर कॅमेरे. मुलगा एका टोपीकडे हात नेतो, मुद्दाम थांबतो आणि हात दुसरीकडे वळवतो. जिममध्ये हलकल्लोळ. शेवटी एक टोपी डोक्यावर चढते, आणि कुठेतरी हजार मैलांवर एका कॉलेजचे चाहते रस्त्यावर नाचतात. मुलाने अजून त्यांच्यासाठी एकही सामना खेळलेला नसतो.

हा फुटबॉल म्हणजे मेस्सीचा फुटबॉल नव्हे, एवढं आधी सांगून टाकू. हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यावर पॅड, आणि एकमेकांवर रेड्यांसारखी टक्कर. या खेळात शाळेतून थेट व्यावसायिक संघात जाता येत नाही. शाळा सुटल्यावर किमान तीन वर्षं जावी लागतात, आणि ती बहुतेक जण कॉलेजकडून खेळण्यात घालवतात. मग येतो एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट. ३२ संघ, सात फेऱ्या, अडीचशेच्या थोड्या वर नावं. प्रत्येक संघ आपली पाळी आली की एक नाव पुकारतो.

मग शाळेतल्या त्या मुलाभोवती आत्तापासूनच एवढी गर्दी का?

कारण त्याच्या नावापुढे तारे आहेत.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर खेळाडूंची यादी. नाव, उंची, वजन, पुढे पिवळे तारे.]

रायव्हल्स, टू-फोर-सेव्हन स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा कंपन्या दरवर्षी शाळकरी खेळाडूंना दोनपासून पाचपर्यंत तारे देतात. टू-फोर-सेव्हनवाले पाच तारे साधारण ३२ मुलांनाच देतात. हा आकडा सहज निवडलेला नाही. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात, तेवढेच हे. म्हणजे पाच तारे देणारा उघडपणे म्हणतोय की हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल.

आपल्याला पंचतारांकित म्हटलं की हॉटेल आठवतं. पण हॉटेलला तारे मिळतात ते इमारत उभी राहिल्यावर, खोल्या-स्वयंपाकघर सगळं तपासून. इथे पाया खणतानाच तारे लावतात.

तर मग हे तारे खरे ठरतात का?

एक साधा हिशोब करू. अमेरिकेत हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या वर आहेत. चार इयत्ता धरल्या तर दरवर्षी शाळेतून बाहेर पडणारी झाली अंदाजे अडीच लाख. ड्राफ्टमध्ये नावं अडीचशेच्या आसपास. म्हणजे हजारात एक. आता पाच ताऱ्यांची ती तीसेक मुलं घ्या. मागच्या बऱ्याच बॅचेस बघितल्या तर त्यांच्यातली साधारण निम्मी, कधी त्याहून थोडी जास्त, ड्राफ्ट होतात. एकीकडे हजारात एक, दुसरीकडे दोनात एक. चार ताऱ्यांची मुलं म्हणाल तर ढोबळ मानाने पाचात एक. तीन ताऱ्यांची त्याहूनही बरीच कमी. पायरी-पायरीने आकडा उतरत जातो, आणि ही उतरंड वर्षानुवर्षं तशीच राहिली आहे. कुणी म्हणत असेल की तारे म्हणजे निव्वळ बाजार आहे, तर त्याने हे आकडे एकदा बघावेत.

पण याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा. पाच ताऱ्यांची तीस मुलं, त्यातली निम्मी म्हणजे पंधरा. चार ताऱ्यांची समजा साडेतीनशे, त्यांचा पाचवा हिस्सा सत्तर. बेरीज पंच्याऐंशी. ड्राफ्टमधली जागा मात्र अडीचशेच्या वर. उरलेले दीडशेहून जास्त जण कुठून आले? तीन ताऱ्यांतून, दोन ताऱ्यांतून, आणि ज्यांच्या नावापुढे काहीच नव्हतं त्यांच्यातून. त्या गटातल्या एकट्या मुलाची शक्यता कमी, पण तो गटच एवढा मोठा की निवडलेल्यांत बहुमत त्यांचंच.

त्यामुळे ड्राफ्टच्या रात्री दर वर्षी एकच भांडण होतं. एक म्हणतो, बघा, तीन ताऱ्यांचीच मुलं जास्त निवडली गेली, तारे फोल. दुसरा म्हणतो, पाच ताऱ्यांचा मुलगा निवडला जाण्याची शक्यता कित्येक पट जास्त, तारे खरे. दोघांचेही आकडे बरोबर असतात. दोघं फक्त वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

[दृश्य: रॉक हिल, साउथ कॅरोलायना. संध्याकाळ, शाळेचं मैदान.]

साउथ कॅरोलायनातलं रॉक हिल. इथल्या साउथ पॉइंट हायस्कूलचा जडेव्हियन क्लाउनी २०११ च्या बॅचमध्ये देशात पहिला होता. १४ फेब्रुवारीला, स्वतःच्या अठराव्या वाढदिवशी, त्याने आपलं कॉलेज जाहीर केलं. पुढे १ जानेवारी २०१३ ला आउटबॅक बोल नावाच्या सामन्यात त्याने मिशिगनच्या खेळाडूला अशी धडक दिली की त्याचं हेल्मेट उडून मागे पडलं. ती चित्रफीत आजही फिरते. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ह्यूस्टनने पहिलं नाव पुकारलं, ते क्लाउनीचं. शाळेत पहिला, ड्राफ्टमध्येही पहिला. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, ते हे असं.

त्याच्या दोनच वर्षं आधी, २००९ मध्ये, रायव्हल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता कॅन्ससमधल्या विचिटाचा ब्राइस ब्राउन. पाय त्याचेही पाळण्यात दिसले होते. एक वर्ष टेनेसीकडून खेळला, मग कॅन्सस स्टेटला गेला, तिथे जवळपास खेळायलाच मिळालं नाही. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत. क्रमांक २२९.

दोघांना तारे देणारी माणसं साधारण एकाच पठडीतली. पाहायची पद्धत तीच.

ती पद्धत काय? शुक्रवारी रात्रीचे सामने बघायचे. चित्रफिती बघायच्या. उन्हाळ्यात कॅम्प भरतात, तिथे मुलांची उंची, वजन, हातांची लांबी मोजायची, स्टॉपवॉच लावून पळवायचं. आणि आणखी एक गोष्ट, जी मोठ्याने कुणी सांगत नाही: कुठल्या कॉलेजने स्कॉलरशिपची ऑफर दिली ते बघायचं. अलाबामा किंवा जॉर्जियाने ऑफर दिली की त्या मुलाकडे सगळेच नव्याने बघतात आणि पुष्कळदा ताराही वाढतो. मोठ्या घरचं स्थळ येऊन गेलं की बाकीचेही चौकशी करायला लागतात, तसलाच प्रकार.

यात वाईट काही नाही. अलाबामाच्या कोचला खेळ कळतो, त्याच्या मताला वजन द्यायलाच हवं. पण मग पुढचं चक्र असं फिरतं. पाच ताऱ्यांचा मुलगा अलाबामात गेला. तिथे उत्तम कोच, उत्तम आहारतज्ज्ञ, सरावात समोर उभे ठाकणारे तितकेच तगडे गडी, आणि प्रत्येक सामना देशभर टीव्हीवर. एनएफएलचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, तिथे ठाण मांडूनच असतात. तीन वर्षांनी तो ड्राफ्ट झाला. आता सांगा, ताऱ्याने त्याला ओळखलं, की ताऱ्याने त्याला घडवलं? मला विचाराल तर दोन्ही, आणि त्यांचा वाटा वेगळा काढणं फार अवघड आहे. एकाच मुलाला एकदा ताऱ्यासकट आणि एकदा ताऱ्याशिवाय वाढवून बघता येत नाही.

[दृश्य: कॅलिफोर्नियाची सेंट्रल व्हॅली. सपाट शेतं, कालवा, धूळ.]

ताऱ्याशिवाय वाढलेला मुलगा मात्र बघता येतो.

फायरबॉ. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतलं शेतीवर जगणारं छोटं गाव. जॉश ॲलन इथला, शेतकऱ्याच्या घरचा. शाळेत क्वार्टरबॅक. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू, प्रत्येक चढाईत चेंडू हातात घेऊन निर्णय करणारा. मुलगा उंच होता पण अंगाने किडकिडीत. फुटबॉलबरोबर बास्केटबॉल आणि बेसबॉलही खेळायचा, शेतात कामाला हात लावायचा. जिथे तारे वाटले जातात त्या नावाजलेल्या कॅम्पांत तो फारसा दिसलाच नाही. घरचे सगळे फ्रेस्नो स्टेटचे चाहते, ते कॉलेजही जवळच. पण तिथूनही ऑफर आली नाही. वरच्या श्रेणीतल्या शंभराहून जास्त कॉलेजांपैकी एकानेही त्याला स्कॉलरशिप देऊ केली नाही.

मग तो रीडलीला गेला. दोन वर्षांचं साधं कम्युनिटी कॉलेज. तिथे अंग भरलं, हात तयार झाला. हंगाम संपल्यावर त्याने देशभरच्या कोचना ईमेल पाठवायला सुरुवात केली, सोबत आपल्या खेळाची चित्रफीत. बहुतेकांचं उत्तर नाही. शेवटी दार उघडलं ते वायोमिंगने. लॅरमी गावात, ७,२२० फुटांवरचं मैदान, जिथे नोव्हेंबरात वारा हाडं गोठवतो.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये बफेलो बिल्सनी त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. तोवर तो सहा फूट पाच इंच आणि २३७ पौंड झाला होता. २०२४ च्या हंगामाचा तो लीगमधला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

स्काउट चुकले का? त्यांच्यासमोर जो मुलगा होता तो खरोखरच किडकिडीत होता. नंतरचा ॲलन तेव्हा अस्तित्वातच नव्हता. १७ वर्षांच्या देहात पुढची चार वर्षं दिसत नाहीत. कुणाची वाढ दहावीतच पूर्ण होते आणि तो वर्गातल्या पोरांत बाप्या दिसतो. कुणाचं अंग विशीत भरतं. टेप आजचं माप घेते.

जागेचंही तसंच. जेसन केल्सी सिनसिनाटीला गेला तो स्कॉलरशिपशिवाय, दुसऱ्याच जागी खेळायला. कोचनी त्याला पुढच्या ओळीच्या मध्यभागी, चेंडू मागे देणारा सेंटर म्हणून उभं केलं. २०११ मध्ये १९१ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे वर्षानुवर्षं त्या जागेवरच्या सर्वोत्तमांत गणला गेला. शाळेत त्याला जोखणाऱ्यांनी जोखला तो वेगळ्याच कामासाठी. आणि क्वार्टरबॅक तर सगळ्यांत फसवा. पुढे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून देणारा पॅट्रिक माहोम्स टेक्सासमधल्या व्हाइटहाउस गावचा, तीन ताऱ्यांचा.

[दृश्य: ड्राफ्टचा मंच, दिवे, गर्दी.]

बरं, ज्या ड्राफ्टवर आपण ताऱ्यांची परीक्षा घेतोय, तो ड्राफ्ट तरी कुठे अखेरचा शब्द? तोही अंदाजच. फक्त तीन-चार वर्षं उशिरा केलेला, जास्त पैसे ओतून केलेला. २०२२ मध्ये सगळ्यांत शेवटचं, २६२ वं नाव होतं ब्रॉक पर्डी. शेवटच्या खेळाडूला तिथे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे बिनमहत्त्वाचे राव. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे बिनमहत्त्वाचे राव सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे क्वार्टरबॅक म्हणून मैदानात उतरले होते. तेव्हा तारे ड्राफ्टशी जुळले म्हणजे खेळाडू यशस्वी झाला, असं धरून चालणं घाईचं.

तरी ताऱ्यांचा भाव वाढतच चाललाय. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावायची मुभा मिळाली. त्याआधी तारा म्हणजे मान होता. आता त्याला थेट किंमत आहे, आणि ती ड्राफ्टच्या कितीतरी आधी हातात पडते. त्यामुळे उन्हाळ्याच्या कॅम्पात स्टॉपवॉचकडे बघणाऱ्या बापाच्या चेहऱ्यावरचा ताण आपल्याकडच्या प्रवेश परीक्षेच्या केंद्राबाहेर उभ्या पालकांहून निराळा नसतो.

[दृश्य: वेस्ट कोलंबिया, टेक्सास. रिकामं मैदान, मावळतीचं ऊन.]

टेक्सासमधलं वेस्ट कोलंबिया. इथल्या शाळेचा संघ जुन्या पद्धतीने खेळायचा. चेंडू फेकायचा कमी, हातात घेऊन पळायचं जास्त. अशा संघात क्वार्टरबॅकची फेक दिसणार कधी आणि बघणार कोण? कॅम वॉर्डला तारे मिळाले शून्य. तो गेला सॅन अँटोनिओच्या इनकार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजात, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून मायामी. एप्रिल २०२५ मध्ये, ग्रीन बे इथे भरलेल्या ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सनी पहिल्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं.

ड्राफ्टमध्येही निवडलेल्या खेळाडूच्या हाती टोपी देतात. शाळेत असताना वॉर्डच्या टेबलावर मोठ्या कॉलेजांच्या टोप्या मांडायची वेळच आली नव्हती.